लाई यु-श्यांगची बायको कोण?

या खेपेला नकार येणं शक्यच नाही, असं आ-फाने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. धिरडं उलटताना सांगितलं, सोयाबीनचं दूध गाळताना सांगितलं, आणि ज्यांनी विचारलंच नव्हतं त्यांना सुटे पैसे परत करताना सांगितलं.

"यावेळी तयारी पक्की आहे. पुढच्या महिन्यात क्वेन या तव्यापाशी उभी असेल, बघा."

गल्लीने मान डोलावली. गल्लीने ती याआधीही दोनदा डोलावली होती.

आ-फा म्हणजे लाई युंग-फा. वय अडतीस. युआनलिनच्या बाजारामागे त्याचं आणि त्याच्या आईचं नाश्त्याचं दुकान होतं, आणि दुकानावर त्याच्याच नावाची पाटी होती. क्वेन त्याची बायको. ती व्हिएतनामची. मागच्या गल्लीतल्या च्यू आजोबांची देखभाल करायला ती तैवानात आली, तीन वर्षं राहिली, आणि रोज सकाळी साडेसहाला आजोबांची चाकाची खुर्ची ढकलत दुकानात यायची. इथली भाषा ती आजोबांकडूनच शिकली. त्यामुळे ही एकतिशीची बाई बोलायला लागली की पंच्याऐंशी वर्षांचा, दात पडलेला, जगावर वैतागलेला म्हातारा बोलतोय असं वाटायचं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "काय रं पोरा, तवा तापला का न्हाई अजून?" आ-फा तिथेच गारद झाला.

आजोबा गेले, करार संपला, क्वेन मायदेशी परतली. तिच्या मागोमाग आ-फा गेला आणि तिच्या गावात लग्न लावून आला. येताना मात्र एकटाच आला, कारण बायकोला इथे आणायचं तर सरकारला पटवावं लागतं, आणि सरकार काही पटेना.

पहिला नकार आला तो आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. क्वेनने महिनाभर पाहुणी म्हणून येण्याचा अर्ज केला होता. 'अर्जदार परत जाईल असं वाटत नाही,' असा शेरा पडला. ते खरंच होतं, पण असं कुणी तोंडावर सांगतं का?

दुसरा नकार मात्र आ-फाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. बायको म्हणून तिचा अर्ज केला की सायगॉनमधल्या तैवानच्या कचेरीत नवराबायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच ते प्रश्न विचारतात. लग्न खरं की कागदावरचं, ते तपासायला. प्रश्न आला, सासूने सुनेला काय दिलं? सासूने दिला होता भाताचा विजेचा कुकर. पण अधिकाऱ्यासमोर 'कुकर' म्हणायची आ-फाला लाज वाटली. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. तो छाती काढून म्हणाला, "सोन्याची साखळी." शेजारच्या खोलीत क्वेन त्याच वेळी कुकरचा रंगसुद्धा सांगत होती. हिरवा.

त्यानंतर क्वेनने फोनवर त्याला एकच वाक्य सुनावलं होतं. "इथून पुढं जे हाय तेच बोलायचं. जीव गेला तरी."

दोन वर्षं अशी गेली. तिसरा नकार आला तर पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबायचं, आणि चौथ्यांदा तरी कोण विश्वास ठेवणार? रोज सकाळी साडेसहाला आ-फाची नजर आपोआप रस्त्याकडे जायची आणि एक धिरडं करपायचं.

आईला मात्र नकाराचं कारण कळलं होतं. ती बाजारातल्या खो मास्तरांकडे जाऊन आली. खो मास्तर नावाच्या चिनी अक्षरांतल्या रेघा मोजून भविष्य सांगतात. आमच्याकडे निम्म्या गावाची नावं त्यांनीच बदलून दिली आहेत.

"मास्तर म्हणाले, नावातच खोट आहे. तुझ्या नावातल्या रेघा मोजल्या तर दार बंद निघतं," आई म्हणाली. "लाई यु-श्यांग हे नाव घे. दार सताड उघडेल."

"आई, नकार कुकरमुळे आला."

"कुकरला काय झालं? चांगला दहा माणसांचा भात होतो त्यात."

इथे कायद्याने माणसाला असं तीनदा नाव बदलता येतं. शिवाय बुडत्याच्या हातात जे येईल ते तो धरतोच. तो गेला आणि नाव बदलून आला. नवं ओळखपत्र झालं, नवा पासपोर्ट झाला, कुटुंबनोंदीचा ताजा उतारा सायगॉनच्या कचेरीत रवाना झाला. फक्त क्वेनला सांगायचं नव्हतं. एकोणपन्नास दिवस नव्या नावाबद्दल बाहेरगावी अवाक्षर काढायचं नाही, नाहीतर गुण येत नाही, अशी मास्तरांची सक्त ताकीद होती. आ-फालाही ते बरंच वाटलं. क्वेन असल्या गोष्टींना हसायची, आणि तिचं हसू च्यू आजोबांचंच होतं, खोकल्यासकट.

मुलाखत बरोब्बर पन्नासाव्या दिवशी होती. म्हणजे सगळं गणितात बसत होतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी विमानतळावर ते गणितातून बाहेर आलं.

"तिकीट लाई युंग-फा यांचं आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पासपोर्ट लाई यु-श्यांग यांचा. युंग-फा कुठे आहेत?"

"तो मीच."

"आणि यु-श्यांग?"

"तोही मीच."

तिने एकदा त्याच्या मागे वाकून पाहिलं. "मग तुमच्यापैकी प्रवास कोण करतंय?"

तिकीट तीन महिन्यांपूर्वी काढलेलं होतं. ते बदलून घेईपर्यंत विमान उडालं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानात जागा मिळाली, म्हणजे आता विमानतळावरून थेट मुलाखतीलाच जायचं होतं. विमानात बसल्यावर आ-फाच्या लक्षात आलं, क्वेनला नव्या नावाचा पत्ताच नाही. पन्नासावा दिवस उजाडला होता, आता सांगायला हरकत नव्हती. त्याने घाईघाईने क्वेनला मेसेज पाठवला, 'रागावू नकोस. मी आता पूर्वीचा युंग-फा राहिलेलो नाही. भेटल्यावर सांगतो.' तेवढ्यात फोन बंद करायची सूचना आली.

माणसाने घाईत काय करू नये याची यादी कुणी केलीच तर हा मेसेज पहिल्या पानावर येईल.

कचेरीत तो धापा टाकत पोचला, तेव्हा क्वेन समोरच्या बाकावर बसली होती. केस घट्ट बांधलेले, ओठ त्याहून घट्ट. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मधे तीन बाक आणि एक पहारेकरी होता, आणि आत बोलायला मनाई होती.

"लाई यु-श्यांग यांची पत्नी," कारकुनाने पुकारलं.

कुणी उठलं नाही. क्वेनने शेजारच्या बाईकडे पाहिलं.

"लाई यु-श्यांग यांची पत्नी!"

आ-फा लांबून हातवारे करू लागला. क्वेनने ते पाहिले आणि तोंड फिरवलं. शेवटी कारकुनाने तिचं स्वतःचं नाव घेतलं तेव्हा ती ताडकन उठली आणि आत गेली. पहारेकऱ्याने आ-फाला बसायची खूण केली. तो नेमका पार्टिशनला लागून असलेल्या खुर्चीवर बसला. पार्टिशनची फळी कागदाइतकी पातळ होती.

आत झोंग नावाच्या अधिकारी बाई होत्या. "पतीचं नाव?"

"लाई युंग-फा."

"इथे लाई यु-श्यांग लिहिलं आहे."

"मंग तो दुसरा कुनीतरी. माझा धिरडी करतो."

"लाई यु-श्यांगना तुम्ही ओळखत नाही?"

"न्हाई. बाहेर मगापासून त्याच्याच बायकोला हाका मारत्यात. कुठं उलथलीय कुनास ठाऊक."

आ-फाने फळीवर कपाळ टेकवलं.

"हे पाहा," झोंगबाई सावकाश म्हणाल्या, "कागदावर तुमच्या पतीचं नाव यु-श्यांगच आहे. तुम्ही 'हो' म्हणालात तर मी पुढच्या प्रश्नाकडे जाईन."

आ-फा मनातल्या मनात ओरडत होता, हो म्हण, क्वेन, एकदाच हो म्हण.

"बाई," क्वेन म्हणाली, आणि आजोबांचा आवाज जरासा कापला. "दोनदा तुम्ही मला न्हाई म्हनलात. तिसऱ्यांदा बी म्हना. आज सकाळीच त्यानं मला कळवलंय, तो पयल्यासारखा राह्यला न्हाई म्हनून. नसंल राह्यला. पन माझं लगीन युंग-फाशी झालंय. म्या दुसऱ्या कुनाची बायको म्हनून यायची न्हाई."

पार्टिशनला टेकून आ-फा रडत होता. पहारेकऱ्याने त्याला रुमाल दिला आणि आवाज न करण्याची खूण केली.

मग त्यालाही आत बोलावलं. क्वेनने बोट रोखलं. "ह्यो. ह्योच युंग-फा. इचारा त्याला, कोन हाय ती."

"कोण ती?" झोंगबाईंनी विचारलं.

"ती नाही कुणीच. मास्तर आहेत," आ-फा म्हणाला, आणि मग सगळं सांगून टाकलं. आई, रेघा, बंद दार, एकोणपन्नास दिवस, विमानतळ. झोंगबाईंनी कुटुंबनोंदीचा उतारा उलटून त्याच्यापुढे धरला. खाली बारीक अक्षरात 'पूर्वीचं नाव लाई युंग-फा' अशी नोंद होती. त्यांनी ती आधीच वाचलेली होती. त्यांना फक्त बायकोला ठाऊक आहे का ते पाहायचं होतं.

क्वेन खुर्चीतून अर्धी उठली. "नाव बदललंस? मला न इचारता? आरं मुडद्या, नावानं नकार आला व्हय? कुकर म्हनायला तुझी जीभ रेटली न्हाई म्हनून आला! माझी आई रोज त्यात भात करती, अन् तू साखळी म्हनून सांगतोस? बदलायचंच व्हतं तर डोस्कं बदलायचं व्हतं!"

"चुकलं, क्वेन."

"अन् तिकीट? ते तरी बदललं का आधी?"

"नाही."

"आनि ह्याच्या भरवशावर म्या घर सोडून येनार," क्वेन झोंगबाईंना म्हणाली. "लिवा, लिवा हे सगळं."

झोंगबाई लिहीतच होत्या. जुनी फाइल काढून त्यांनी कुकरचं पान शोधलं, ते नीट वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"पंधरा वर्षं मी या खुर्चीत आहे," त्या म्हणाल्या. "खोटं लग्न करणारी जोडपी इथे पाठांतर करून येतात. घोरतो का, उशी कोणत्या रंगाची, सगळं तोंडपाठ. पण त्यातलं कुणी आजवर नवऱ्याचं नाव चुकलेलं नाही. इतकी वाईट तयारी फक्त खरे नवराबायकोच करू शकतात."

मंजुरीचा शिक्का पडला. आ-फा उठून वाकला, पुन्हा वाकला, बाहेर जाऊन पहारेकऱ्यालाही वाकून आला. रुमाल मात्र त्याने परत केला नाही, तो परत करण्यासारखा राहिला नव्हता.

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेसहाला, दोघं युआनलिनला पोचले. क्वेनच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात हिरवा कुकर. गल्ली स्वागताला उभी होती. आई लाल जाकीट घालून दारात हसत होती.

"पाहिलंस ना? नाव बदललं आणि दार उघडलं," आई म्हणाली.

क्वेनने वर पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. दुकानावर ताज्या रंगाची पाटी होती. 'यु-श्यांग नाश्ता'.

"आत ये गं," आई म्हणाली.

"हे दुकान माझ्या वळखीचं न्हाई," क्वेनने कुकर फुटपाथवर ठेवला आणि बॅगेवर बसकण मारली. "दोन वर्सं सरकारनं मला आत घेतलं न्हाई. आज म्या येत न्हाई."

गल्ली धिरडं चघळायची थांबली. आईने आ-फाकडे पाहिलं, आ-फाने पायांकडे. एरवी असल्या वेळी तो आईच्या बाजूने गप्प बसायचा. पण त्याला ती पातळ फळी आठवली, आणि तिच्या पलीकडचा तो कापरा आवाज. सगळं हातचं जात असताना ही बाई त्याच्या नावाला धरून राहिली होती. ते नाव त्याने स्वतः सोडलं होतं, तेही रेघा मोजून. इतकं कुणी आपल्यासाठी करावं अशी आपली लायकी नाही, हे त्याला स्वच्छ कळलं, आणि तरी तिने केलं याचा त्याला इतका आनंद झाला की तो तडक स्टूल घेऊन आला.

पाटी त्याने उतरवली आणि उलटी केली. आईने काटकसर म्हणून जुन्याच पाटीची मागची बाजू रंगवून घेतली होती. त्यामुळे 'युंग-फा नाश्ता' पुन्हा वर चढायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"मी उद्याच नाव परत बदलून येतो, आई."

आई उतरून फुटपाथवर आली, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि कुकर उचलला. "आणलास होय परत? मला वाटलं, तुला आवडला नाही म्हणून यानं साखळी सांगितली असेल."

"लई आवडला, आई. माझ्या आईला दुसरा घेतला, ह्यो आनला तुमच्यासंगं भात खायला."

आईने डोळे पुसले आणि सुनेचा हात धरून तिला आत नेलं. उंबऱ्यावरून आत जाताना क्वेन वळून म्हणाली, "काय रं पोरा, तवा तापला का न्हाई अजून?"

आ-फाला उत्तर द्यायचं होतं. जन्मभर पुरेल असं काहीतरी छान, आभाराचं बोलायचं होतं. पण तव्यावरून धूर येत होता. तवा पहाटेपासून तापलेलाच होता, त्याच्यावर सहा धिरडी होती, आणि ती पलटायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.