डेल्मरला आधीच कसं कळतं?

गेरिटनं टीव्हीची डिश काढून टाकली, तिथनं सगळं बिघडलं. "जे काय बगायचं ते हितनं फुडं इंटरनेटवर!" असं त्येनं बायकूला, लोइसला, बजावलं.

अमेरिकेतल्या आयोवात डुकरं पाळनारा मानूस, पर राजकारनातलं त्येला सगळं कळायचं. (डुकरांतलं थोडं कमी.) कोन उमेदवार काय बोलला, कंच्या नटीनं कुनाला पाठिंबा दिला, कुनाच्या बायकूचा झगा उसना व्हता, सगळं तोंडपाठ. सहा महिने गडी टॅबलेट मांडीवर घिऊन, अध्यक्ष व्हाया निघालेल्या गव्हर्नर टेल्फरसाठी दिसंल त्येच्याशी भांडत व्हता. एक मानूस वळवला न्हवता. अकरा जनांनी मातर ब्लॉक केलं.

जानेवारीत पक्षातल्याच उमेदवारांचा वादविवाद टॅबलेटवर लागला आन शेजारच्या डेल्मरचा फोन आला. डेल्मर सिनेटर ब्रँडवेट बाईंचा मानूस.

"गेऱ्या, आता तुझा गव्हर्नर बग. पानी पिनार आन मक्याच्या भावावर घसरनार."

"डोकं फिरलंय का रं तुझं?"

तवर गव्हर्नरनं गिलास उचलला. पिला. आन घसरला मक्यावर.

गेरिटनं टॅबलेटकडं बगितलं, मग फोनकडं. "तुला कसं कळलं?"

"मानसं वळखाया शिकावं, लेका. आता बाई हसनार, आन त्यो तिसरा टकल्या उमेदवार नाक खाजवनार."

बाई हसली. टकल्यानं नाक खाजवलं.

"पैज!" गेरिट वरडला. "आनखी पाच सांग. एक जरी चुकलं तर टेल्फरच्या परचाराची पाटी तुझ्या अंगनात. न्हाय चुकलं तर तुझ्या बाईची माझ्या!"

पाचच्या पाच बरोबर.

गेरिट शब्दाचा पक्का. जमीन दगडावानी गोठलेली, तरी त्येनं ड्रिलनं भोकं पाडली, बाईंची पाटी रोवली, आन वाऱ्यानं पडू नये म्हनून वरनं बादलीभर पानी ओतलं. पर डोक्यातनं एकच जाईना. दोन दिस त्यो जेवताना बी तेच. "लोइस, डेल्मरला आधीच कसं कळतं गं?"

"अरे, त्येची डिश हाय. आपलं इंटरनेट मिनिटभर मागं," लोइस म्हनली. "फोनमधनं त्येच्याकडच्या टाळ्या आधी ऐकू येत व्हत्या की."

"मग तवाच का न्हाय बोललीस?"

"जल्मात पैल्यांदा तू गप बसून कुनाचं तरी ऐकत व्हतास. मला बरं वाटलं."

गेरिट तसाच बाहेर पळाला. पाटी उपटाया गेला तर हलंना. बर्फात घट्ट बसलेली, सोताच्याच हातानं. शिव्या घालत त्येनं गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कवटाळली, गाल लावला आन जोर केला. तेवढ्यात डेल्मरची गाडी रस्त्यावरनं गेली, आन जाताजाता त्येनं फोटो काढला.

सांजपर्यंत त्यो फोटो इंटरनेटवर चाळीस हजार लोकांनी बगितला. खाली लिवलं व्हतं, 'ब्रँडवेट बाईंवर असं प्रेम करा.'

फेब्रुवारीत शाळेच्या जिममधी उमेदवार निवडाया पक्षाची सभा. ज्येचा उमेदवार त्येनं त्येच्या कोपऱ्यात हुबं ऱ्हायचं. ज्या कोपऱ्यात ईस डोकी भरत न्हाईत, त्यो कोपरा मोडायचा आन मानसांनी दुसरीकडं जायाचं. गेरिट छाती काढून टेल्फरच्या कोपऱ्यात गेला. तिथं मास्तरीन आर्लीस आडवी आली.

"तुमचा कोपरा तिकडं. हेरगिरी कराया आलाय व्हय?"

"म्या टेल्फरचा मानूस हाय! सहा महिने भांडतोय त्येच्यासाठी!"

"फोटो बगितलाय सगळ्या गावानं. बायकूला तरी कदी असं धरलंय का?"

"न्हाय," मागनं लोइस म्हनली.

जिमभर हशा पिकला. गेरिटचं टाळकं सनकलं. "मग जावा मसनात!" म्हनून त्येनं टोपी आपटली आन रागारागानं बाईंच्या कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडं तोंड करून बसला.

मोजनी झाली. टेल्फरच्या कोपऱ्यात लोइस धरून एकोनीस.

कोपरा मोडला. आर्लीस फुडं, बाकीचे मागं, समदे मान खाली घालून बाईंच्या कोपऱ्यात आले. डेल्मरनं गेरिटच्या छातीवर बाईंचा बिल्ला लावला आन पाठ थोपटली.

"मानलं गेऱ्या! सहा महिने वरडून एक मानूस वळला न्हवता. आज तोंड बंद ठेवलंस, तर एका दमात एकोनीस!"