बंडप्पाच्या डोक्याची गुप्त चौकशी

वीरप्पासाहेबांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं, खुद्द वीरप्पांचं होतं, आणि उस्मानाबादच्या विमा कचेरीत चहाच्या वेळी ते रोज सगळ्यांना ऐकावं लागे. सहकारी संस्थांत राबणाऱ्या नोकरांच्या औषधपाण्याचा खर्च ही सरकारी कचेरी द्यायची. द्यायची म्हणजे आधी नाकारायची. नाकारलेला माणूस पुन्हा अर्ज घेऊन आला की त्याचं खरं किती आणि खोटं किती, हे वीरप्पांनी ठरवायचं. त्यांची सही झाली की मग परमेश्वरानंसुद्धा त्यात लुडबुड करायची नाही, असा रिवाज होता.

शहाऐंशीच्या दुष्काळात एक अर्ज असा आला, की सगळी कचेरी खुर्च्या ओढून जवळ सरकली. मुरूम गावाच्या पुढच्या एका खेड्यातला बंडप्पा, सोसायटीच्या गोदामात धान्य तोलून देणारा तोलार. सोलापूरच्या मनाच्या डॉक्टरकडं त्याचा इलाज चालू होता. तो अजून वर्षभर चालायला हवा, गोळ्या मध्येच तुटल्या तर माणूस पुन्हा होता तिथं जाईल, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. कचेरीनं खर्च नाकारला होता. ताप नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, म्हणजे आजार नाही, असा शेरा होता.

"आता तुम्ही काय करणार साहेब?" नानासाहेब कारकुनांनी विचारलं. "मनाला थर्मामीटर कुठं लावणार?"

"गुप्त चौकशी," वीरप्पा म्हणाले. "कचेरीचा माणूस म्हणून गेलं की गाव पढवल्यासारखं बोलतं. मी साधा पाहुणा होऊन जाणार. माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे त्याच्या गावाइतकं कुणालाच माहीत नसतं. संध्याकाळच्या गाडीनं निकाल घेऊन परत."

बेत नामी होता. फक्त साधा पाहुणा व्हायचं म्हणून वीरप्पांनी काय केलं, तर पेटीतलं ठेवणीतलं धोतर काढलं, काळा कोट चढवला, लग्नाकार्यात बांधायचा पटका बांधला. त्यात सोमवार, म्हणून कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. ऐन लग्नसराईत असा पन्नाशीचा लिंगायत गृहस्थ परक्या गावात उतरला आणि अमक्याच्या घरचं कसं काय म्हणून हळूच विचारायला लागला, तर तो कशासाठी आलाय हे तिकडं पाळण्यातलं पोरही सांगेल. वीरप्पांच्या ते गावीही नव्हतं.

एसटी धुरळा उडवून निघून गेली. समोर चन्नबसप्पाचं चहाचं हॉटेल होतं. वीरप्पा बाकावर टेकले, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "इथं बंडप्पा तोलार म्हणून कुणी राहतात का? माणूस कसा काय?"

चन्नबसप्पानं आधी पटका पाहिला, मग कोट, मग कपाळ. त्यानं केलेला चहा ओतून टाकला आणि नुसत्या दुधाचा नवा ठेवला.

"बंडप्पा व्हय? देवमाणूस हाय बगा."

"ते झालं. पण डोक्यानं कसा आहे?"

"डोकं लई शांत. फ्रिजातल्या पान्यावानी."

"झोप लागते नीट?"

"पडला की घोरतोच. आख्ख्या गल्लीला कळतं बंडप्पा झोपला म्हणून."

"रागीट? विचित्र? एकटाच काही पुटपुटतो वगैरे?"

"छ्या. पुटपुटायला येळ कुठंय त्याला? पाहुणे कुठले म्हणायचे?"

"कळंबकडचा."

"लेकरं?"

"एकच मुलगा. महालिंग. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे."

"लगीन?"

"व्हायचंय अजून," वीरप्पा म्हणाले. गावचे लोक किती मायाळू, आल्यागेल्याच्या घरचीही विचारपूस करतात, असंही त्यांच्या मनात आलं. चहाचे पैसे चन्नबसप्पानं घेतले नाहीत. वीरप्पांची पाठ वळताच त्यानं चूल विझवली, हॉटेल उघडंच टाकलं आणि मागच्या बोळातून बंडप्पाच्या घराकडं धूम ठोकली.

वीरप्पा गावात शिरले तोवर गाव तयार होतं. पारावर, पिठाच्या गिरणीपाशी, टँकरच्या रांगेत, जिथं म्हणून त्यांनी विचारलं तिथं एकच उत्तर. बंडप्पाचं डोकं लई शांत हाय. टँकरपाशी पुतळाबाई नावाची एक म्हातारी हंडा ठेवून बसली होती. तिनं तर वीरप्पांचा हातच धरला.

"घराणं सोन्यावानी हाय बाबा. बंडप्पाचा बाप वारला, आई वारली, पन डोस्कं कुनाचंबी फिरलं न्हाय. शेजारच्या घरात एक येडा हाय, पन त्यो त्यांच्या भावकीतला न्हाय. तू काय काळजी करू नगंस."

"मग बंडप्पा दर महिन्याला सोलापूरला कशाला जातो?" वीरप्पांनी अचानक बाण सोडला.

"सिद्धेश्वराला," पुतळाबाई म्हणाली.

"चादरी आणायला," रांगेतला मागचा म्हणाला.

"दाढ दुखतीया त्याची," टँकरच्या नळीजवळचा म्हणाला.

वीरप्पा मनातल्या मनात गारेगार झाले. एकाच माणसाची सोलापूरची तीन कारणं! सगळा अर्जच बनावट. आजार नाही, बिजार नाही, नुसती सरकारला टोपी. नामंजुरीचा शेरा त्यांनी चालता चालता मनात लिहूनही टाकला आणि त्याची भाषा त्यांना फार आवडली. आता फक्त त्या लबाडाला एकदा डोळ्यांनी पाहायचं आणि गाडी गाठायची.

बंडप्पाच्या दारात सडा पडला होता. ज्या गावात टँकरच्या पाण्यावर भांडणं होतात तिथं कुणाच्या तरी दारात सडा पडला म्हणजे शेजारच्या दोनतीन घरांनी आपापली घागर रिकामी केली होती. ओसरीवर पंचायतीतून आणलेल्या खुर्च्या होत्या. आतून हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, गुळमट वास येत होता. मठाचे स्वामी येऊन बसले होते. आणि बंडप्पा, कुणाचा तरी आखूड कोट घालून, खाली नजर लावून, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"शरणार्थी," वीरप्पांनी लिंगायती नमस्कार घातला.

"शरणार्थी," बंडप्पा म्हणाला, पण हात काही बाहेर काढले नाहीत.

"तब्येत कशी आहे?"

"लई शांत हाय त्याचं डोकं," चन्नबसप्पानं परस्पर उत्तर दिलं.

"मी यांना विचारतोय."

"म्हंजे त्येच सांगणार की त्योबी."

इतक्यात आतून बंडप्पाची मुलगी नीलम्मा आली. हिरवं लुगडं, डोईवर पदर, हातात पोह्यांचं ताट. मागं दाराआड तिची अव्वा, म्हणजे आई चन्नम्मा, देवाचं नाव घेत. स्वामी घसा साफ करून म्हणाले, "विचारा पाहुणे. मुलीला काय विचारायचं ते विचारा. नाव विचारा, शिक्षण विचारा, चालवून बघा."

आणि आत्ता कुठं वीरप्पासाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. दुधाचा चहा, सडा, खुर्च्या, महालिंगाची विचारपूस. उठून जावं तर ओसरीवर एवढं गाव दाटलेलं, की पाय ठेवायला जागा नाही. खरं सांगावं तर भर गावात पोरीची शोभा होणार. पण हाडाचा अधिकारी बुडतानासुद्धा तपासणी सोडत नाही. गाव खोटं बोललंय, का बोललंय तेही कळलं, मग खरं काय ते आता या घरातूनच कळेल, असा त्यांनी हिशेब केला.

"बाई, मी एकच विचारतो," ते म्हणाले. "तुझे वडील सोलापूरला कशाला जातात?"

एकदम "सिद्धेश्वर", "चादरी", "दाढ" असे तीन दिशांनी आवाज उठले. नीलम्मानं ताट खाली ठेवलं.

"डाक्टराकडं जात्यात," ती म्हणाली. "डोस्क्याच्या डाक्टराकडं. म्याच घेऊन जाते."

चन्नम्मानं आत कपाळावर हात मारलेला बाहेर ऐकू आला.

"दुष्काळ लागला तवा रेशनची ज्वारी अप्पांच्या हातानं तोलली जायची," नीलम्मा म्हणाली. "समोर उपाशी मान्सं, समद्यांची नजर काट्यावर. एक दिस एक बाई म्हनली, माझ्या लेकराच्या वाट्याचं मापात मारलं. मारलं नव्हतं. पन तवापासनं अप्पांना आपलंच माप खरं वाटंना. एकच पोतं दिसभर तोलायचे. रात्री उठून गोदामाला जायचे. घरात भाकरी तोलायचे, अव्वाच्या बांगड्या तोलायचे. जेवन सुटलं, झोप सुटली. आता गोळ्यांनी बरं हाय, पन नवं मानूस आलं की हात ऐकत न्हाईत, म्हनून हातावर बसल्यात." तिनं डोईवरचा पदर सारखा केला. "गाव माझ्या भल्यासाठी खोटं बोललं, त्यांच्यावर राग धरू नगा. पन अप्पांचा आजार झाकून मला नांदायचं न्हाय. सोयरीक करायची तर ह्ये धरून करा. न्हाय करायची तर हुग्गी खाऊन जावा, केलीया."

मघाशी मनात लिहिलेल्या त्या देखण्या शेऱ्याची वीरप्पांना लाज वाटली. ते उठले, कोटाच्या खिशातून कचेरीचं ओळखपत्र काढलं आणि म्हणाले, "मी सोयरिकीला आलो नाही. मी विमा कचेरीचा फेरतपासणी अधिकारी. बंडप्पांच्या अर्जाची चौकशी करायला आलो होतो. यांना आजार होता की नव्हता, एवढंच मला पाहायचं होतं."

चन्नबसप्पा पुढं झाला.

"तसं व्हय? मग साहेब, खरं सांगू का? बंडप्पा पार गेल्याला व्हता."

"पार म्हंजे पार," नळीजवळचा म्हणाला. "ह्यानं एकदा मुरूमची एसटी थांबवली आन म्हनला काट्यावर घ्या."

"माझी म्हस तोलली ह्यानं," पुतळाबाई म्हणाली. "उचलून."

"त्याचा बापबी जरा तसाच व्हता."

"आन शेजारचा येडा? सख्खा चुलत भाऊ त्याचा."

"पुरे," वीरप्पा ओरडले. "आता कुणी एक शब्द बोलू नका. अजून थोडी मदत केलीत तर मला अर्ज नामंजूर करावा लागेल. मला साक्ष मिळाली. आपली सोयरीक मोडेल हे माहीत असून जी मुलगी खरं बोलते, तिच्यापुढं तुमच्या सगळ्यांच्या साक्षी मी धरत नाही. सकाळच्याही आणि आत्ताच्याही."

त्यांनी पिशवीतून कागद काढला, पंचायतीच्या खुर्चीवरच मांडला आणि लिहिलं, की आजार खरा आहे, इलाज पूर्ण होईतो सगळा खर्च मंजूर. खाली सही ठोकली. चन्नम्मा दाराआडून बाहेर आली आणि रडता रडता हसायला लागली. बंडप्पानं मांड्यांखालचा एक हात सावकाश बाहेर काढला, कागद घेतला आणि तळहातावर धरून थोडा वर-खाली केला. वजन बरोबर भरलं असावं, कारण तो हसला.

पत्रावळी मांडल्या गेल्या. हुग्गीवर तूप पडलं. पण वीरप्पा जेवेनात. ते पटका सारखा करत, कोटाची बटणं लावत आणि काढत होते.

"स्वामी," ते शेवटी म्हणाले, "नातलगाच्या अर्जावर आम्हाला सही करता येत नाही. म्हणून आधी सही उरकली. कचेरीचं काम संपलं. आता मी महालिंगाचा बाप म्हणून बोलतो. ही मुलगी माझ्या घरात आली तर मला फार आनंद होईल. मुलानं येऊन पाहावं, मुलीनंही त्याला पाहावं. पण माझ्या बाजूनं होकार."

ओसरीवर असा काही गलका उठला, की पारावरची कुत्री उठून गेली. स्वामींनी हात वर केले. नीलम्मा आत पळाली, पण दारातच थांबली. सगळ्यांच्या नजरा बंडप्पाकडं वळल्या. तो इतका वेळ वीरप्पांना नीट न्याहाळत होता. आता तो उठला, त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि फार मायेनं, हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पोरीचा बाप हाय, इचारावं लागतंय. राग मानू नगा."

"विचारा की. सोयरिकीत विचारायलाच पाहिजे."

"तुमी येवढे मोटे अधिकारी. कचेरी सोडून, नाव लपवून, लग्नातला पटका बांधून, असल्या उनात परक्या गावात फिरताय. दिसंल त्याला धरून इचारताय, ह्याचं डोकं बरं हाय का, त्याचं डोकं बरं हाय का." बंडप्पानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ह्ये असं किती दिवसांपासनं हाय?"

वीरप्पांचा हात डोक्यावरच्या पटक्याकडं गेला.

"लाजू नगा. मलाबी आदी पटत नव्हतं," बंडप्पा म्हणाला. "गुरवारी म्या सोलापूरला जानारच हाय, संगं चला. डाक्टर लई चांगला मानूस हाय. आन खर्चाची काळजी तर तुमाला न्हाईच. मंजुरी तुमच्याच हातात हाय."