तांबोळीभाऊंचा पानाचा डबा

आमच्या घराखालच्या गाळ्यातले मुनीर तांबोळी पान खात नाहीत, तंबाखूला शिवत नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा पितात. पण सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की पहिलं काम, पितळी पानाचा डबा फडक्यानं पुसून टेबलावर मांडायचा. डबा त्यांच्या वडिलांचा. वडील पौडच्या बाजारात पानं विकायचे. मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणून डब्यात आता पेनड्राइव्ह असतात. चुन्याच्या खणात जुन्या कॉम्प्युटरांसाठीचा, काताच्या खणात जरा अलीकडच्यांसाठीचा, लवंगेच्या खणात एक कोरा, अडीअडचणीला. सुपारीच्या खणावर तेवढं झाकण. ते उघडलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

समजा तुम्ही कॉम्प्युटर घेऊन गेलात. म्हणालात, "भाऊ, पंखा लई आवाज करतोय." दुसरा कुणी पंखा बघेल. तांबोळीभाऊ विडा द्यावा तसा दोन बोटांनी पेनड्राइव्ह उचलणार आणि म्हणणार, "आधी मेमरी तपासू."

"अहो, पण पंखा..."

"करू द्या आवाज. एक फेरी होऊ द्या, मग पंख्याचं बघू."

ही एक फेरी म्हणजे दोन तास, कधी चार. माणूस तहसील कचेरीत जाऊन दाखला काढून येतो, भजी खातो, येताना भाचीच्या लग्नाचं आमंत्रण देतो, तरी फेरी चालूच. कितीतरी गिऱ्हाइकं तशीच परत गेली, ती हिंजवडीच्या मोठ्या दुकानांत. राहिलेल्यांनी थट्टा सुरू केली. आता बाजारात सहाआसनी रिक्षावाल्याला "निघतोस का?" विचारलं तर तो म्हणतो, "एक फेरी होऊ द्या!" मागचे सगळे हसतात. भाऊंच्या कानावर येतं ते. ते आपले डबा पुसत राहतात.

एकदा मी विचारलंच, "भाऊ, हे तपासता म्हणजे करता तरी काय?"

माणूस खुलला. "वहिनी, असं समजा की लाखो वाट्या मांडल्यात. कॉम्प्युटर ह्या पेनड्राइव्हवरनं चालू केला की बाकीचं बिऱ्हाड झोपलेलंच राहतं, एकटा तपासणारा आत जातो. हर एक वाटीत पाणी घालतो, पुढं जातो, परत मागं येऊन बघतो, घातलं तेवढंच हाय का. मग ओततो. परत घालतो."

"आणि एखादी गळकी निघाली तर?"

"मग तिच्यातनं गेलेलं काय बी खरं न्हाई."

"वरून दिसत नाही होय?"

"दिसलं असतं तर काय पायजे होतं?" एवढं बोलून ते पाठ फिरवून कामाला लागले. मला वाटलं, माझं काही चुकलं.

तसा संशय त्यांच्या स्वभावातच. नवी बादली घ्यायची तर दुकानातच पाण्यानं भरायला लावायचे आणि शेजारी स्टूल टाकून बसायचे. त्यांची शमीम असताना या गोष्टी तीच रंगवून सांगायची. वरच्या वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई होती. घाटातून स्कूटर घेऊन जायची, आणि हसायला लागली की आमच्या माळ्यावर ऐकू यायचं. म्हणायची, "वहिनी, निकाहच्या आधी माझी पण फेरी केली असणार ह्यांनी, मला पत्ता लागला न्हाई एवढंच." भाऊ लाजून आत निघून जायचे.

कोरोनात शाळा बंद होत्या त्या दिवसांत ती घरी कॉम्प्युटरपुढं बसून धडे बोलायची. गोष्टी, पाढे, कविता. भाऊ ते भरून घ्यायचे. मग मुलांच्या घरच्या मोबाइलवर धाडायचे. नंतर शमीमला दुखणं लागलं. ती गेली त्याला आता तीन पावसाळे झाले. मूलबाळ नाही. तेव्हापासून बादल्या सुटल्या आणि हे मेमरीचं सुरू झालं. बायको गेली की माणूस कशाला तरी धरतो, कुणी देवाला, कुणी बाटलीला. यांनी पेनड्राइव्हला धरलं, असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तर या पावसाळ्याची गोष्ट. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल. महिना महिना उघडत नाही, भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी धरते. त्या ओलीनं आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, जुना कॉम्प्युटर कण्हायला लागला. चारदा बटण दाबावं तेव्हा एकदा उठायचा.

त्या कॉम्प्युटरात काय आहे ते सांगते. मालक जायच्या आधी दोन वर्षं त्यांना एक नाद लागला होता. आमच्या वावरांची नावं त्यांच्याच आवाजात भरून ठेवायची. चिंचेचं टेपाड, म्हसोबाची पट्टी, खालची लांबोडी. कुठून कुठं बांध, कोणत्या झाडाला वळायचं, कुठल्या खडकाखाली पाणी लागलं होतं. निम्मी वावरं विकली गेली, तिथं प्लॉटच्या पाट्या लागल्या, भिंती आल्या. त्या नावांनी हाक मारायला आता तो आवाज तेवढा उरला. बावीस आवाज आहेत असे. त्यातल्या एकात बोलता बोलता मागं म्हैस ओरडते. मालक तिला शिव्या घालतात, मग आत तोंड करून विचारतात, "अगं, चहा झाला का?" आणि आतून मी म्हणते, "आले, आले!" बाकीचे एकवीस मुलांसाठी. हा माझा.

सून स्नेहल घरूनच काम करते. तिनं नवीन लॅपटॉप घेतला. म्हणाली, "आई, बाबांचं सगळं ह्यात घेते आणि तो जुना डबा भंगारात देऊन टाकू."

भाऊ पाण्याची मोटर लावायला सांगायला म्हणून वर आले होते. दारातच थांबले. "थांबा! काय बी हलवू नका."

"काका, कालच बॉक्स फोडलाय. एकदम नवीन आहे."

"नवं म्हंजे चांगलं, असं कुणी सांगितलं?" म्हणत ते गेले आणि डबा घेऊन आले.

चुन्याच्या खणातला लावला. लॅपटॉपनं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. काताच्या खणातला लावला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. भाऊंचं तोंड उतरलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"ओळखत न्हाई म्हणतोय. आत सोडत न्हाई." खुर्ची ओढून बसले. "पूर्वी कसं होतं वहिनी, कुणी बी दारातनं आत यायचं. आता नव्या कॉम्प्युटरच्या दारातच राखणदार बसवलाय. चालू होताना पयला तो उठतो. पेनड्राइव्हवर जे असंल त्याच्यावर वळखीची सही असंल तर आत, न्हाईतर माघारी."

हे मला लगेच कळलं. हिंजवडीत लेकीच्या टॉवरला गेले होते, तेव्हा तिथल्या वॉचमननं डिंकाच्या लाडवांचा डबा धरून मला पाऊण तास उभं केलं होतं. लेक मीटिंगमध्ये. तिनं मोबाइलवर हो म्हटल्याशिवाय आई खरी ठरेना.

स्नेहल म्हणाली, "अहो काका, सेटिंगमध्ये ते बंद करता येतं."

"येतं की. पण तुमच्या डिस्कला कुलूप हाय. राखणदार हलला की ते कुलूप बिथरतं आणि किल्ली मागतं. लांबलचक आकडा असतोय. ठिवलाय लिहून?"

स्नेहल माझ्याकडं बघायला लागली.

"न्हाई ना? मग राखणदाराशी भांडायचं न्हाई. सहीवाला आणायचा."

तीन दिवस लागले सहीवाला आणायला. पावसानं रेंज येत-जात होती. भाऊ गाळ्यात एका दिव्याखाली बसून मोबाइलवर वाचायचे, उतरवून घ्यायचे, लवंगेच्या खणातल्या कोऱ्यावर चढवायचे, पुसायचे, पुन्हा चढवायचे. त्या तीन दिवसांत गिऱ्हाईक एकही नाही. मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "दादांचं अजून हलवलं न्हाई ना?" दिवसातून तीनदा. मालकांना ते दादा म्हणायचे. शेवटी स्नेहल चिडली. "आई, चार मिनिटांचं काम आहे. ह्या माणसासाठी मी लॅपटॉप बंद ठेवून बसलेय."

चौथ्या दिवशी सकाळी भाऊ आले. लवंगेच्या खणातला लावला आणि राखणदारानं सोडलं. पडदा बदलला, आकडे पळायला लागले. भाऊ गुडघे जुळवून समोर बसले, दवाखान्यात बाहेर बसतात तसे.

दुपारी एक फेरी झाली. स्वच्छ.

"झालं ना काका?"

"अजून एक."

दुसरी झाली. स्वच्छ. आता मलाच राहवेना. "भाऊ, सगळ्या गावाला एक फेरी आणि आम्हाला किती?"

"चार. दादांचा आवाज हाय, वहिनी."

स्नेहलनं कपाळाला हात लावला, आणि हात तसाच राहिला. तिसऱ्या फेरीला पडद्यावर तांबडी रेघ उमटली. मग दुसरी. मग भराभर, जिन्यावरून कुणी कुंकवाचा करंडा सांडावा तशा.

मला वाटलं, आता तांबोळी मिरवणार. सगळ्या बाजारानं हसून घेतलं होतं, त्याचं उट्टं काढायची वेळ आली होती. पण माणूस पांढराफटक पडला. म्हणाले, "गेलं असतं. दादांचं बी गेलं असतं." आणि मग डबा जवळ ओढून त्यांनी सुपारीच्या खणाचं झाकण काढलं.

आत शमीमच्या ओढणीचा तुकडा होता आणि त्यात गुंडाळलेली दोन बोटं रुंदीची एक हिरवी पट्टी.

"घरचा कॉम्प्युटर माझ्या शाळेला द्या, असं सांगून गेली होती ती," भाऊ पट्टीकडं बघत बोलले. "म्हणून मी नवा जुळवला. तिचे सगळे धडे एका गाठोड्यात, एकाच फाइलीत बांधले आणि नव्यात आणले. मेमरीची ही पट्टी होती त्या नव्यात. हीच गळकी वाटी. तवा तपासली न्हाई. सगळ्यांच्या बादल्या तपासत हिंडलो."

"मग जुन्यात होते ना धडे?" स्नेहलचा आवाज बारीक झाला होता.

"पुसला मी. दुसऱ्याला द्यायचं भांडं घासून द्यावं, ही शमीमचीच शिस्त. एकदा न्हाई, तीनदा पुसला. चकचकीत करून दिला शाळेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन गाठोडं सोडाय गेलो, तर सुटंना."

"मुलांच्या आयांच्या मोबाइलवर गेले होते की सगळे," मी म्हटलं.

"दारोदार फिरलो वहिनी. मोबाइल भरला की माणसं पुसतात. त्यांचं काय चुकलं?"

बाहेर पाऊस लागलाच होता. मी विचारलं, काहीच राहिलं नाही का?

"पयल्या धड्याचा सुरुवातीचा तुकडा तेवढा निघाला. 'मुलांनो, आता नीट ऐका हं.' एवढंच. पुढं कायच न्हाई." त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळली. "ह्या पट्टीत काय राहत न्हाई. वीज गेली की कोरी. मला माहीत हाय, धंदाच हाय माझा. पण टाकवत न्हाई."

स्नेहल उठून आत गेली. तिनं चहा केला, बिनसाखरेचा. आणि त्यानंतर तिनं भाऊंची थट्टा केलेली मी ऐकली नाही.

लॅपटॉप परत गेला, बदलून दुसरा आला. त्याच्या चारही फेऱ्या निर्मळ झाल्या. मग भाऊंनी बावीसच्या बावीस आवाज जुन्यातून नव्यात आणले आणि प्रत्येक दोन्हीकडं लावून ऐकला. आणखी एकेक प्रत दोन पेनड्राइव्हवर केली. एक माझ्या कपाटात आहे, एक चुन्याच्या खणात. जुना कॉम्प्युटर काही भंगारात गेला नाही. गाळ्याच्या कोपऱ्यात आहे, वर प्लॅस्टिकचा कागद घालून. भाऊ म्हणाले, "राहू द्या. हितं काय जागा खातोय?"

आता दुपारी कधीतरी ते वर येतात. गिऱ्हाईक तसंही नसतं. म्हणतात, "वहिनी, ते म्हशीचं लावा की जरा." स्नेहलनं लावायला शिकवलंय मला. पहिल्या वेळी वाटलं, तपासायलाच आलेत. पण परवा चौथ्यांदा आले. तपासणी काय चार चारदा करतात, असं मी म्हणणार होते, मग म्हशीचं लावून दिलं.

मालक वावराची वळणं सांगतात, म्हैस ओरडते, मालक तिला शिव्या घालतात, चहा मागतात, मी आतून "आले, आले!" म्हणते. तिथं माझं संपतं. पुढं नुसता त्यांचा श्वास आहे, खुर्ची सरकल्याचा आवाज आहे, बशी वाजते. परवा मी बंद करायला हात पुढं केला, तर भाऊंनी हलकेच हात वर केला.

"राहू द्या वहिनी. संपू द्या."

बशी वाजली. खट्ट झालं. संपलं.

"हाय," ते म्हणाले. "शेवटपर्यंत हाय." आणि माझ्याकडं न बघता जिना उतरून गेले. जरा वेळानं खाली सुपारीच्या खणाचं पितळी झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ ते लावल्याचा आवाज काही आला नाही.