शेख दसूकींच्या गळ्याशी आलेला ऑसिलेटर

"मौलाना, माणूस चुकेल, बासरी चुकेल, पण माझं वाद्य सुरावरून केसभर हलायचं नाही! तुम्ही खुशाल डोळे मिटून त्याच्यावर टेका!" बहगतने छातीवर हात मारून सांगितलं.

मंडळी, असली वाक्यं जेवण झाल्याझाल्या बोलू नयेत. पोटात मटणाचा फत्ता गेला की छाती आपोआप फुगते आणि तोंडावरचा ताबा सुटतो.

पण बहगतचाही इलाज नव्हता. तंता शहरातल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बसून तो आणि त्याची भागीदार ईनास अशी दोघं मिळून एक सिंथेसायझर बनवत. लाकडाचा, तारांचा नव्हे; नुसता संगणकात राहणारा. त्यातला ऑसिलेटर स्वराला जन्म द्यायचा आणि फिल्टर त्या जन्मलेल्या स्वराला न्हाऊमाखू घालून चारचौघांत आणायचा. नव्या आवृत्तीची वाट बघणारी सहाशे बारा माणसं जगभर पसरली होती. मंगळवारी बहगतला उत्साहाचं भरतं आलं आणि त्याने यादीच जाहीर करून टाकली: लवकरच येत आहे! पहिला, जुन्या वाद्यांसारखा किंचित थरथरणारा 'डोलता ऑसिलेटर'. दुसरा, स्वराला आ-ओ-ऊ म्हणायला लावणारा 'गळा फिल्टर'. आणि तिसरा, शेख दसूकींच्या खुद्द आवाजातून घडवलेला ऑसिलेटर!

ईनासने यादी वाचली, चष्मा काढला आणि पुसला. "शेखना विचारलंस?"

"विचारणारच आहे."

"म्हणजे नवरीला न विचारताच पत्रिका छापल्यास! आणि वऱ्हाड सहाशे बारा!"

म्हणून तर तो शेखांच्या घरी जेवायला जाऊन पोहोचला होता. शेख दसूकी अडुसष्ट वर्षांचे. त्यांचं निरूपण गाऊन चालायचं. एक ओळ गायची, तिच्यातली गोष्ट सांगायची, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं की पुन्हा तीच ओळ. डेल्टाच्या आख्ख्या मुलखात त्यांचा गळा म्हणजे उसाचा ताजा रस!

शेखांनी बहगतचं सगळं ऐकून घेतलं आणि दाढी कुरवाळली. "पोरा, हा आवाज अल्लाहची अमानत. तो डबीत भरू द्यायचा की नाही, हे असं जेवता जेवता कसं सांगू? शुक्रवारी हाजी शहाताकडे माझं गाणं आहे. माझा कीबोर्डवाला गेला कुवेतला. त्याच्या जागी तू बस. तुझं यंत्र माझ्याशी कसं वागतं ते बघतो, मग बोलू."

त्यावर जेवण होताच बहगतने छातीवर हात मारून ते वाक्य टाकलं. झालं! तिसरा ऑसिलेटर जगणार की मरणार, ते शुक्रवारवर ठरलं.

कफ्र अल-नखला गावात, हाजी शहातांच्या अंगणात, तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज होताच मांडव भरला. बहगतने लॅपटॉप उघडला, कीबोर्ड जोडला, डोलता ऑसिलेटर लावला आणि आधाराचा एक लांब स्वर दाबून धरला. काय मधाळ स्वर! शेजारी बोरूच्या बासऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन खमीसकाका बसले होते, त्यांनीही भुवई उंचावून "बरंय" अशी मान हलवली. खमीसकाकांचं "बरंय" म्हणजे इतरांचे हारतुरे!

शेखांनी डोळे मिटले, यंत्रावर टेकले आणि गाऊ लागले. पुरुष दोन रांगांत उभे राहून अल्लाहच्या नामस्मरणात, ज़िक्रात डोलू लागले.

वीस मिनिटांनी खमीसकाकांनी बासरी ओठांवरून काढून तिच्याकडे संशयाने बघितलं. मग पिशवीतून जरा आखूड बासरी काढली. आता बोरूच्या बासरीचं असं की एका बासरीत एकच पट्टी. पट्टी बदलली की बासरी बदला. पुढच्या पंधरा मिनिटांत काकांनी तिसरी बासरी काढली. मग चौथी. व्हायोलिनवाला दर ओळीला कान पिळत होता. स्वतःचे नव्हे, व्हायोलिनचे!

"आज मौलाना कुठल्या कुठे पोचलेत!" काका भक्तिभावाने कुजबुजले.

बहगतने लॅपटॉपच्या पडद्यावरचा स्वराचा आकडा बघितला, डोळे चोळून पुन्हा बघितला. पोचलेत ते मौलाना नव्हेत! ऑसिलेटर पोचलाय!

कारण एवढंच की डोलणारा स्वर आधी केसभर वर जातो, मग केसभर खाली येतो. बहगतने वर जायची ओळ लिहिली होती. खाली यायच्या ओळीच्या जागी त्याने 'हे उद्या लिहू' अशी चिठ्ठी लिहून ठेवली होती. तेवढ्यात यादी जाहीर करायची घाई झाली. तपासताना सापडलं नाही? कसं सापडणार! हे संगणकवाले स्वर तपासतात दोन मिनिटं, मग उठून चहा पितात. दोन मिनिटांत केसभरच चढतो. आणि शेख दसूकी एकदा बसले की दीड तास थांबत नाहीत!

थांबवावं म्हटलं तर ज़िक्राच्या मध्येच आधार काढून घेणं म्हणजे विहिरीत उतरलेल्या माणसाचा दोर कापणं. त्याने हळूच एक पट्टी खालचा स्वर दाबून बघितला. शेखांचा एक डोळा उघडला, आणि त्या डोळ्यात असं काही होतं की बहगतचं बोट आपोआप वर सरकलं.

मग त्याला सुचलं, फिल्टर! आवाज दबका केला की कुणाला कळणार नाही! त्याने नवा गळा फिल्टर पिळला. दबका होणं राहिलं बाजूला, वाद्याने तोंडच उघडलं! "आऽऽऽ... ओऽऽऽ... ऊऽऽऽ!"

"अल्लाऽऽह!" मांडव उसळला. एक म्हातारा उठून ओरडला, "अरे, पेटीसुद्धा ज़िक्र करतेय! सुब्हानअल्लाह!"

शेखांचा गळा आता ताणून ताणून तंबूच्या दोरीसारखा झाला होता. दोन्ही हात आकाशाकडे नेऊन ते मनापासून गायले, "परवरदिगाऽऽर, या म्हाताऱ्याला आणखी किती वर नेशील रेऽऽ!"

ही ओळ कुठल्याही पोथीतली नव्हती. बहगतला ती सरळ आपल्यालाच उद्देशून वाटली. पण लोकांना काय! रडून रडून त्यांच्या दाढ्या भिजल्या. "पुन्हा, मौलाना! पुन्हा!" आणि ऐकणाऱ्याने पुन्हा म्हटलं की गाणाऱ्याने पुन्हा म्हणायचं, असा तर रिवाज! शेख पुन्हा गायले, केसभर वरून. "पुन्हा!" आणखी वरून. खमीसकाकांनी पिशवीतली सातवी आणि शेवटची बासरी काढली. ती करंगळीएवढी होती.

आता एकच आशा होती, सूर्यास्ताची, मग़रिबची अजान! अजान झाली की सगळी वाद्यं जागच्या जागी गप्प. बहगत घड्याळाकडे बघत राहिला. सहा वाजून दोन. आता होईल. तीन. चार. पाच! मशिदीचा भोंगा गप्प का?

त्याने रांगेवर नजर फिरवली. गावचे अजान देणारे मितवल्लीकाका पहिल्या रांगेत, डोळे मिटून, सगळ्यात जोरात डोलत होते!

"काका! मग़रिब!" बहगत ओरडला.

"मग़रिब! मशरिक! पश्चिम, पूर्व, सगळीकडे तोच!" मितवल्लीकाका डोळे न उघडता गद्गदून म्हणाले.

इतक्यात कालव्यापलीकडच्या गावातून अजान ऐकू आली. मितवल्लीकाकांनी खाडकन डोळे उघडले, "या रब्बी!" म्हणून कपाळावर हात मारला आणि एका पायात स्वतःची, एका पायात हाजी शहातांची चप्पल घालून धूम ठोकली. बहगतने बोट उचललं. एवढी गोड शांतता त्याने आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

नमाज झाल्यावर मंडळी मांडवात परतली. खमीसकाका शेखांचे हात चुंबत म्हणाले, "मौलाना, काय चढलात आज!"

"मी?" शेख कुजबुजले. "मी कुठं चढलो? तूच चढत होतास बासऱ्या बदलत!"

"मी तर तुमच्या मागे!"

"आणि मी या पोराच्या यंत्राच्या! म्हटलं ते हलत नाही म्हणतात, म्हणजे मीच उतरतोय. म्हातारपणाची लाज वाटली, म्हणून ओढत राहिलो गळा!"

सगळ्यांच्या माना बहगतकडे वळल्या. त्याने खाली बघत सगळं कबूल केलं. न लिहिलेली ओळ, चिठ्ठी, चहा, आणि मौलानांना न विचारता सहाशे बारा माणसांना दिलेला शब्दही. मग म्हणाला, "मौलाना, तिसरा ऑसिलेटर मी यादीतून खोडतो. मला माफ करा."

शेखांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय! नाही, हसत होते. फक्त आवाज फुटत नव्हता. मग त्यांनी बहगतचा कान धरून जवळ ओढला. "लेका, त्या वरच्या स्वराच्या दाराशी मी तीस वर्षं घुटमळत होतो. आत पाऊल टाकायची हिंमत नव्हती. तुझ्या चुकीने ढकललं. ने, पोरा, आवाज ने! लोकांच्या घराघरात अल्लाहचं नाव जाईल."

बहगतला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि ईनास मायक्रोफोन घेऊन हजर! शेख समोर बसले, बिस्मिल्ला म्हणाले, तोंड उघडलं... आणि गंजलेल्या दाराची बिजागरी वाजावी तसा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. दुसरी बिजागरी!

डॉक्टरीणबाईंनी घशात टॉर्च मारून निकाल दिला: एकवीस दिवस गाणं बंद, बोलणं बंद, दिवसातून चारदा गरम यान्सून, म्हणजे बडीशेपेसारख्या बियांचा काढा.

घरी आल्यावर बहगतने अर्धा तास डोकं खाजवलं. बढाई मारून एकदा पोळला होता, म्हणून जे खरं तेच त्याने त्या सहाशे बारा माणसांना लिहून टाकलं: "तिसऱ्या ऑसिलेटरचा घसा बसला आहे. तो तीन आठवडे अंथरुणात असून सध्या यान्सूनवर आहे. कृपया दुआ करा."

चारशे लोकांनी तत्काळ दुआ पाठवली. नॉर्वेच्या एका गृहस्थांनी मात्र कळकळीने विचारलं, की यान्सून चालू करायचं बटण नेमकं कुठल्या पानावर आहे?