वामनरावांचं मानपत्र

१९८८ साली मूल गावातल्या आमच्या पुठ्ठा कारखान्यात लेझर प्रिंटर आला, तेव्हा तो चालवता येणारा माणूस अख्ख्या तालुक्यात मी एकटा होतो. त्यामुळे बॉयलरवरचे वामनराव खोब्रागडे एकोणतीस वर्षांनी निवृत्त व्हायला निघाले, तेव्हा मीच साहेबांना म्हणालो, "मानपत्र आपल्या मशीनवर काढतो. कागदही आपलाच, चांगला जाड. पेंटरचं काही काम नाई."

सभेच्या दिवशी सकाळी जाड कागद कापून ट्रेमध्ये रचले. मशीनने पहिला ओढला, आतल्या वळणावर नेला आणि रानडुकराने हाड फोडावं तसा आवाज केला. बाहेर काढला तेव्हा कागदाचा चिवडा झाला होता. असे तीन गेले.

शिपाई देवाजी शांतपणे म्हणाला, "भाऊ, एवढ्या वळणावर त बैलगाडीबी अडते. मागचं झाकण उघडून सरळ काऊन नाई जाऊ देत?"

मी झाकण उघडलं आणि कागद हाताने एकेक लावला. पहिलाच सरळ बाहेर आला. काळीभोर, रेखीव अक्षरं! देवाजीने कागद गालाला लावला.

"गरम हाय," तो हळूच म्हणाला. "भाकरीवानी."

बघायला आलेले वामनराव मशीनभोवती एक चक्कर मारून आले. "एवढ्याशा पेटीत भट्टी बसवली? मानलं बुवा."

संध्याकाळी सगळा कारखाना जमला. मशीनमध्ये मराठी अक्षरं नव्हती, म्हणून मानपत्र इंग्रजीत होतं. साहेब वाचू लागले. शेजारी वामनराव एकेका ओळीवरून अंगठा फिरवत होते, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. चौथ्या ओळीला साहेब अडखळले. पाचवीला थांबले.

अंगठा गेला तिथली अक्षरं गेली होती.

वामनरावांनी काळा अंगठा पाहिला. कागद मळला असं वाटून त्यांनी तो खांद्यावरच्या दुपट्ट्याने नीट पुसला. आता वर "टू" आणि खाली साहेबांची पेनाची सही एवढंच उरलं. मधली एकोणतीस वर्षं दुपट्ट्यावर होती.

माझे कान तापले.

वामनरावांनी कागद दोन बोटांत धरून वाकवून पाहिला. "अक्षर चांगलं होतं बाबू," ते मला म्हणाले, "पन जाड कागदाले आच कमी पडली. शाईची भुकटी वरच बसून राह्यली, वितळलीच नाई."

मशीनचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यांनी मशीन फक्त सकाळी पाहिलं होतं.

"मी दुसरं काढून देतो," मी कसाबसा म्हणालो.

"राहू दे." त्यांनी कागद जपून छातीशी धरला. "मले त इंग्रजी पयलेबी वाचता येत नवतं. आता सायबालेबी येत नाई. बराबर झालो."