डॉक्टरांना भरली उसण

"ऑपरेशन केलं नसतं, तर हा माणूस आज उभा नसता!" पहिल्या रांगेकडे बोट दाखवत हाडांचे सर्जन डॉक्टर रॉडनी ट्रेगेन्झांनी टेबलावर मूठ आपटली आणि टेबलावरचा प्लास्टिकचा मणका धाडकन खाली पडला.

ॲडलेडच्या सरकारी सभागृहात सुनावणी चालू होती. स्क्रू ठोकून मणके सांधायच्या ऑपरेशनचा खर्च सरकारनं यापुढे द्यावा की नाही, हे समिती ठरवणार होती. सरकारनं हात आखडला की ट्रेगेन्झांचं अर्धं दुकान बंद! म्हणून डॉक्टर जय्यत तयारीनं आले होते. सोबत प्लास्टिकचा मणका आणि डेस फिट्झनर नावाचा जिताजागता पेशंटही. डेस मेंढ्यांची लोकर कातरणारा. त्याच्या पाठीत डॉक्टरांनी गेल्याच हिवाळ्यात स्क्रू बसवले होते. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो ताठ बसला होता.

मणका उचलायला डॉक्टर वाकले, ते वाकलेलेच राहिले.

"आई गं! मेलो!"

"काय झालं रे, रॉडनी?" मेंदू-मणक्याच्या सर्जन फिओना हॅल्डेन धावल्या.

"उसण भरली. हात लावू नकोस!"

सभागृह हबकलं. पण राज्यातले झाडून सगळे मणक्याचे डॉक्टर तिथंच होते, मग काळजी कसली? त्यांनी ट्रेगेन्झांना अलगद जमिनीवर आडवं केलं आणि लगेच भांडायला सुरुवात केली.

"गादी सरकलीय."

"छट्! नस दबलीय. हाडवाल्यांनो, बाजूला व्हा," फिओनाबाई गरजल्या.

"तुम्ही डोकी बघा की!" हाडांचे डॉक्टर उसळले.

समितीच्या अध्यक्ष मार्जोरी केलहर खुर्चीतून उठून वाकून बघू लागल्या. "डॉक्टर, मग स्क्रू बसवायचे ना? आज तरी खर्च सरकारच देतंय."

"सोमवारी माझ्याकडे जागा आहे," फिओनाबाई म्हणाल्या. "मी घेते याला."

ट्रेगेन्झांचा चेहरा पांढराफटक पडला. "वेड लागलंय का तुम्हाला? पाठ आहे, दुखायचीच! चार दिवस शेकायचं, जरा हिंडायचं-फिरायचं, आपोआप बरी होते. सुऱ्या घेऊन कसले धावताय?"

आता बोला! डॉक्टरांच्या कॉलरला लावलेला माईक चालूच होता. शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

तेवढ्यात पावलं वाजली. डॉक्टरांना मान वळवता येत नव्हती. त्यांना दिसले फक्त नाकासमोर येऊन थांबलेले, पॉलिश केलेले दोन बूट.

"डॉक्टर," डेस म्हणाला. "मला तर तुम्ही म्हणाला होतात, आठवड्याच्या आत ऑपरेशन नाही केलंस तर जन्माचा चाकाच्या खुर्चीला खिळशील. मी विचारलं होतं हो तुम्हाला, नुसतं शेकून चालेल का म्हणून."