नाकाकडून हलकं

माझी थोरली जेमतेम मान धरायला लागली होती, तेव्हा दगडूभाऊजींनी तिला दोन बोटांवर तोललं होतं.

खरंच सांगते. मी विहिरीवरून घागर घेऊन आले, तर ओट्यावर पोर पालथी, पोटाखाली या माणसाची दोन बोटं, आणि खाली एक गोधडी अंथरलेली, तेवढीच काय ती अक्कल. वर मलाच रागावून म्हणतात, "वैनी, पोरगी डोक्याकडून जड हाय. असं कसं चालंन?" मी घागर टेकवली आणि जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे भाऊजी माझे सख्खे कोणी नव्हेत. रिसोडच्या बाहेर आमच्या घराला लागून त्यांचा बगीचा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि बाजारात नेऊन विकायचे. पण विकणं तरी धड असावं? गिऱ्हाइकानं निवडलेलं वांगं हातातून हिसकून घ्यायचे, बोटावर आडवं धरायचे आणि डाफरायचे, "हे नको नेऊ. देठाकडून जड हाय." एकदा एक बाई चिडून म्हणाली, "मले भरीत करायचं हाय बावा, उडवायचं नाही!"

तिला काय ठाऊक, या माणसाच्या डोक्यात उडवण्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं. लढाईच्या वर्षांत ठेकेदारासोबत कुठल्याशा विमानतळावर माती टाकायला गेले होते. तिथे एका विमानानं आभाळात कोलांटी मारली, ती यांनी पाहिली, आणि माती टाकून माणूस परत आला तो कोलांटीच घेऊन आला. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजींचा खेळण्यातल्या विमानांचा कारखाना जोरात होता. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पांगाऱ्याच्या लाकडाचा कोरलेला पंखा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रबरं. बोटानं पंखा फिरवत रबराला पीळ द्यायचा, पिळाच्या गाठी पडल्या की सोडायचं. विमान भुर्रकन निघायचं आणि कडुनिंबावर आदळायचं. मग हा माणूस कडुनिंबाला शिव्या द्यायचा. वाऱ्याला द्यायचा. कावळ्याला तर रोजच.

एकदा कागद ताठ व्हावा म्हणून पंखांना ज्वारीच्या पिठाची खळ लावून ते उन्हात ठेवले. माझी शेळी सुटली होती. तिनं एक पंख पुरा खाल्ला आणि दुसऱ्याला तोंड लावलं. भाऊजी कुंपणावरून ओरडत आले.

"वैनी, तुमच्या शेळीनं माह्यं इमान खाल्लं!"

"इमानाले पीठ फासतं का कोणी?"

"पीठ नव्हतं ते, खळ होती!"

"मग शेळीले सांगा ना तसं!"

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरी त्यांची मेथी आली नाही. मी मागितलीही नाही.

पण माझा खरा राग शेळीपायी नव्हता. यांची बायको पारूबाई तापानं पडली, ताप उतरला आणि पायांतला जीवही घेऊन गेला. कमरेखाली काही हलेना. एवढी हसरी, कामसू बाई, झोपडीत खाटेवर खिळली. आणि हा माणूस अंगणात विमान उडवून राह्यला! सगळी आळी नावं ठेवायची. मीही ठेवायची, आणि त्यांना ऐकू जाईल अशी.

बरं, उडवायचंच तर खळ्यात जा. पिकं निघाल्यावर केवढं मोकळं मैदान पडलेलं असतं तिथे! पण नाही. झोपडी आणि कडुनिंबाच्या मधल्या चिंचोळ्या अंगणातच उडवणार.

"खळ्यात काहून नाही जात, भाऊजी?"

"तिथं नाही पायजे."

"मग सरळ तरी उडवा!"

"सरळ गेलं का गेलं, वैनी! कोलांटी मारली पायजे. हितंच. याच जाग्यावर!" आणि पाय आपटत आत.

कोलांटी काही बसेना. शेपटीची फळी वर उचलली की विमान उभं राहायचं, क्षणभर लटकायचं आणि शेपटीवर पडायचं. "नाकाकडून हलकं हाय!" दिवसभर तेच. नाकाला खिळा बांधला, तर सरळ मेथीच्या वाफ्यात घुसलं. सुपारी चिकटवली, तीही कमी पडली.

एक दिवस सकाळी विमान कुंपण ओलांडून माझ्या अंगणात पडलं. उचलून पाहते तर नाकावर दोऱ्यानं आवळून, वर बाभळीचा डिंक लावून, चांदीचं जोडवं बसवलेलं. मी ओळखलं. पारूबाईचं. माशाच्या घडणीचं.

अंगाची लाही झाली माझ्या. नवरा धडधाकट असताना सवाष्णीच्या पायातलं जोडवं उतरवायचं? आणि ते खेळण्याला लावायचं? तशीच तणतणत कुंपणाला वळसा घालून गेले.

"द्या इकडं," भाऊजी म्हणाले. "शेपूट नाही न मोडलं?"

"आंदी सांगा, हे जोडवं कोणाचं?"

"नाकाकडून हलकं होतं."

एवढंच! माझ्या हातातून विमान घेतलं आणि पीळ द्यायला बसले. मी त्यांना ढकलूनच झोपडीत शिरले.

"पारूबाई, तुमच्या पायातलं काढलं यानं, आन् तुमी काढू देल्लं?"

"त्याईले नका बोलू, बाई," पारूबाई म्हणाली. "म्याच देल्लं. एक ठेवलं हाय पायात, अपशकुन नको म्हून. माहे पाय तर आता भुईले लागत नाही. जोडवं तरी हिंडून येईल."

मी खाटेच्या उशाशी बसले. ती जिकडे पाहत होती तिकडे मीही पाहिलं. दारातून कडुनिंबाची फांदी दिसत होती, छपराची कड दिसत होती, आणि मधे सुपाएवढं आभाळ. बस. त्या खाटेवरून दुसरं काहीच दिसत नव्हतं.

"याच जाग्यावर" म्हणजे कुठे, ते मला तेव्हा कळलं.

बाहेर भुर्र झालं. त्या सुपाएवढ्या आभाळात विमान शिरलं, नाक वर केलं, पाठीवर पडलं, जोडवं उन्हात एकदा चमकलं, आणि पुरी गिरकी घेऊन विमान फांदीखालून निघून गेलं. माझ्या तोंडून "अगं माय!" निघालं.

"दिसलं का वं?" बाहेरून आवाज आला.

पारूबाईनं पदरानं डोळे पुसले. "अर्धंच दिसलं!"

"अर्धं?" भाऊजी कडाडले. "कोलांटी का अर्धी असते? कुठं ध्यान राह्यते तुह्यं? नीट पाह्य आता, पुन्हा लावतो!" आणि रबर पिळल्याची करकर सुरू झाली.

पारूबाईनं माझा हात धरून मला जवळ ओढलं.

"सगळी दिसली, बाई," ती कानाशी म्हणाली. "पण तसं सांगतलं तर ते थांबतीन ना."